काळीज कुठे असते?

वैद्यकीय कागदांचे भाषांतर मी पत्करले तेव्हा यकृत, प्लीहा, स्वादुपिंड असे शब्द मुंजीतल्या बटूसारखे घोकले. पुढे एका आजीबाईंच्या संमतिपत्रात, सोपे व्हावे म्हणून, यकृताचे ‘काळीज’ केले. आमच्या संभाजीनगरात खाटकाकडची कलेजी म्हणजे यकृतच. उर्दूतले जिगरही तेच. 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात असलेले हे गाव. शब्द इथे एकमेकांकडे बिऱ्हाडाला राहतात. कागद वाचून दाखवताच आजीबाईंनी छातीवर हात ठेवला. “काळजाला सुरी? नगं बाबा!”

चूक सर्वस्वी माझी. त्यांनी तसाच अंगठा उमटवला असता तर? घाईघाईने त्यांच्या उजव्या बरगडीखाली बोट दाखवून म्हणालो, “इथले लिव्हर हो, आजी.”

“मंग आधीच मराठीत सांगायचं ना!”