झुंजार बुरुजावरून राजगड

मी कॅमेरा घेतला तेव्हा बऱ्याच जणांनी लडाखला, निदान हिमाचलला जाऊन ये म्हणून सांगितलं. लँडस्केप शिकायचं तर तिथेच, असा सगळ्यांचा सूर होता. पण मी राहते पुण्यातल्या धायरीत. साडेचारला घर सोडलं की पाचपर्यंत पायथ्याची आतकरवाडी, तिथून बॅटरीच्या उजेडात सव्वा तासाची चढण, आणि फटफटायच्या सुमाराला मी सिंहगडाच्या दक्षिण टोकावर, झुंजार बुरुजावर पोचते. समोर टोपीसारखा राजगड, त्याच्या उजव्या हाताला तोरणा, पूर्वेला लांब पुरंदर. फोटोग्राफीतलं मला जे काही येतं ते या एका बुरुजाने शिकवलं. नवशिक्याने एक जागा धरून बसावं, हे माझं मत दर वर्षी अधिक पक्कं होत गेलं आहे.

कारण जागा तीच राहिली की प्रकाश दिसायला लागतो. नव्या ठिकाणी डोळा देखाव्यातच अडकतो, उजेड कुठून येतोय याकडे लक्षच जात नाही. बुरुजावर उभं राहून होकायंत्र धरलं तर राजगड साधारण २१० अंशांवर येतो आणि तोरणा २३५ च्या आसपास. डिसेंबरात सूर्य ११५ अंशांच्या जवळ उगवतो. म्हणजे राजगडावर तो जवळजवळ काटकोनात, बाजूने ऊन टाकतो. मग प्रत्येक सोंडेची एक बाजू उजळते, दुसरी सावलीत राहते आणि बालेकिल्ला, सुवेळा माची, खालच्या घळी असं सगळं सुटं सुटं होतं. मे महिन्यात तोच सूर्य बराच उत्तरेला, ७० अंशांच्या आसपास वर येतो. तोरण्याकडे तोंड केलं की तो जवळपास पाठीमागे असतो. सावल्या डोंगरामागे लपतात आणि तोरणा सपाट दिसतो. कॅमेरा तोच, लेन्स तीच, उभं राहायचा दगडही तोच. हे एकदा समजलं की ‘सकाळचा प्रकाश चांगला असतो’ एवढ्यावर समाधान होत नाही. कोणत्या महिन्यातली सकाळ आणि कोणत्या डोंगरासाठी, हे विचारावं लागतं. नोव्हेंबरअखेर आणि पुन्हा जानेवारीच्या मध्याला सूर्य पुरंदरच्या आसपास उगवतो. त्या दिवसांसाठी मी रजा राखून ठेवते.

धुक्याचं शिक्षण मात्र कॅमेऱ्याच्या कुठल्या पुस्तकातून झालं नाही. गडावर मडक्यातलं दही विकणाऱ्या एक मावशी पहाटेच पायथ्याहून चढायला लागतात. वाटेत गाठ पडली की त्या दम खात सांगतात, “ताई, रातच्याला वारा पडला व्हता. आज खाली दाटंल बघा.” आणि दाटतं. आभाळ निरभ्र असलं की रात्री जमिनीतली ऊब निघून जाते, गार झालेली जड हवा उतारावरून दरीत जमते, आणि हवेत ओल असली की तिथेच धुकं धरतं. वारा असला की हे सगळं विस्कटतं. म्हणून आदल्या दोन दिवसांत पाऊस पडून गेलेला, रात्री चांदण्या लख्ख आणि वारा बंद, असं जमलं की मी गजर लावते. ऑक्टोबरअखेर अशी संधी सगळ्यात जास्त. पावसाने हवा धुतलेली असते, त्यामुळे मागचे डोंगरही स्वच्छ दिसतात.

धुकं भरलेली दरी कॅमेऱ्याला मात्र नीट कळत नाही. समोर जे असेल ते मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरूनच त्याचा मीटर चालतो. पांढरं धुकं दाखवलं की तो फोटो काळवंडवतो, काळा कातळ दाखवला की उगाच उजळ करतो. म्हणून धुक्यासाठी मी एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवते, नुसत्या कातळासाठी तेवढंच कमी करते. मग हिस्टोग्राम बघते. त्याची उजवी कड भिंतीला टेकली नाही ना, एवढं पाहिलं की पुरतं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर विसंबून राहू नये, कारण अंधारात तो नेहमी खऱ्यापेक्षा उजळ भासतो.

लेन्सबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही. डोंगर म्हटला की लोक वाइड लेन्स लावतात. या बुरुजावरून राजगड पंधरा किलोमीटरवर आहे. १८ मिलिमीटरला तो फ्रेमच्या तळाशी एक बारीक उंचवटा होतो आणि वर नुसतं रिकामं आभाळ उरतं. माझी ५५-२५० ची साधी झूम लेन्स इथे खरी कामाला येते. दीडशेच्या पुढे गेलं की एकामागे एक रांगा जवळ येतात, प्रत्येक मागची रांग पुढचीपेक्षा फिकी, निळसर. सह्याद्रीचं रूप मला या फिकट होत जाण्यात दिसतं. वाइड लावायचीच तर पुढे काहीतरी हवं. तटाचा दगड, वाळलेलं गवत, कारवीची फांदी, काहीही चालेल, पण ते पायाशी असावं आणि त्यावरून नजर आत जावी.

बुरुजावर वारा जोरात असतो. ट्रायपॉडची मधली दांडी मी वर ओढत नाही, सगळ्यात बारीक पाय शेवटी उघडते आणि सॅक मधल्या हुकाला अशी अडकवते की तिचा तळ दगडाला टेकलेला राहील, नाहीतर तीच झोके घेते. स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर चालू, आयएसओ १००, अॅपर्चर एफ/८ किंवा एफ/११. एफ/२२ ला सगळं जास्त स्पष्ट येईल असं वाटतं, पण इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि चित्र मऊ पडतं. फोकस मी पडदा मोठा करून हाताने लावते.

अॅन्सेल अॅडम्स या छायाचित्रकाराच्या एका गोष्टीचा मला फार आधार वाटतो. १९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळ त्याने गाडी थांबवली. ऊन जात होतं आणि मीटर सापडेना. समोर चंद्र होता आणि चंद्राची तेजस्विता त्याला पाठ होती. त्यावरून त्याने एक्स्पोजरचा हिशेब केला आणि एक निगेटिव्ह घेतली. दुसरी घेण्याआधी गावच्या कबरस्तानातल्या क्रॉसवरचं ऊन गेलं. पुढे कित्येक वर्षं तो त्याच निगेटिव्हचे प्रिंट वेगवेगळ्या तऱ्हेने काढत राहिला, आभाळ अधिकाधिक गडद करत गेला. म्हणून मी फोटो रॉमध्ये घेते आणि जुन्या फाइली पुसत नाही. गेल्या वर्षी नीरस वाटलेली एक सकाळ यंदा सावल्या थोड्या गडद केल्यावर मला उमगली.

हल्ली उन्हाळ्यात झुंजार बुरुजाकडे मी जातच नाही. मे महिन्यात गडाच्या उत्तर अंगाला थांबते. तिथून खडकवासल्याचं पाणी सरळ उत्तरेला दिसतं आणि उगवतीचं ऊन त्या बाजूच्या टेकड्यांवर तिरकं पडतं. हवेत धूळ आणि वणव्यांचा धूर असतो, पोलरायझर फिरवून त्यातला थोडाफार कमी होतो, सगळा नाही. या बाजूचे अंश अजून माझे पाठ झालेले नाहीत. पाण्यावर उजेड नेमका कधी येतो, कुठल्या टेकडीची सावली आधी सरकते, हे वहीत लिहून ठेवते आहे. साडेसातपर्यंत ऊन कडक होतं. मग ट्रायपॉड मिटायचा आणि मावशींकडे दही घ्यायचं.