आधी वायरला विचार

चि. वैशालीस,


तुमची ४०७ गाडी सकाळी सेल्फ मारल्यावर नुसतं ‘टक्’ करते आणि गप्प बसते, हे वाचलं. वायरमनने सेल्फ आणि बॅटरी दोन्ही नवीन टाकायला सांगितलंय. ऐन कांद्याच्या हंगामात एवढे पैसे घालू नकोस. मोजल्याशिवाय एकही वस्तू विकत घ्यायची नाही, एवढंच माझं सांगणं. जुन्या गाडीत वस्तूंपेक्षा त्यांच्यामधले जोड जास्त दगा देतात. कुजलेल्या जोडावर नवा सेल्फ बसवला, तर थोड्याच दिवसांत पुन्हा तेच रडगाणं.

आवाज नीट ऐकून लिहिलास, हे फार बरं केलंस. काहीच आवाज नसता, तर चावीपासून सेल्फवरच्या सोलेनॉइडपर्यंतची बारीक वायर आधी बघायला सांगितली असती. टक्-टक्-टक् अशी घाई असती, तर बहुधा बॅटरी उतरलेली. एकच दणदणीत ‘टक्’ म्हणजे सोलेनॉइड ओढला जातोय, पण मोटरला करंट पोचत नाही, किंवा अपुरा पोचतोय.

आता मीटर काढ. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. हातातल्या बांगड्या आणि घड्याळ काढून ठेव, बॅटरीवर धातू टेकला तर हात भाजतो. इंजिन बंद करायची केबल कुणाला तरी ओढून धरायला सांग, म्हणजे डिझेल जाणार नाही आणि इंजिन लागणार नाही. सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त मारू नका.

पहिलं माप बॅटरीचं. मीटरच्या दोन्ही टोच्या शिशाच्या खुंट्यांवरच धर, क्लॅम्पवर नको. भरलेली बॅटरी उभ्या गाडीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली गेली, तर बॅटरी चार्ज करून पुन्हा माप. दुसरं माप बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत. तिसरं मायनसपासून सेल्फच्या अंगापर्यंत. ही दोन्ही मापं सेल्फ मारत असतानाच घ्यायची, आणि अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर तो रस्ता खराब समजायचा.

सेल्फ मारतानाच का, तेही सांगतो, कारण बहुतेक जण इथेच फसतात. समजा, सेल्फ २०० अँपिअर ओढतोय. जोडात ओहमच्या शंभराव्या भागाइतकाच अडथळा असला, तरी २ व्होल्ट तिथल्या तिथे गरम होऊन संपतात. उभ्या गाडीत मात्र त्याच जोडावर मीटर शिट्टी वाजवतं, टेस्टिंग बल्ब लख्ख पेटतो. केबलच्या सगळ्या तारा कुजून चार उरल्या तरी पेटतो! बल्बला हवाच असतो किती करंट?

माझा संशय तिसऱ्या मापावर, म्हणजे अर्थवर आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे चासीशी त्याचा खरा विजेचा संबंध त्या विणलेल्या तांब्याच्या पट्टीतूनच. पावसाळाभर चिखल खाऊन ती पट्टी तुटते, नाहीतर बोल्टखाली गंज धरतो. मग करंट वाट मिळेल तिथून परततो, अगदी ॲक्सिलरेटरच्या केबलमधूनही. सेल्फ मारल्यावर ती केबल हाताला गरम लागली, तर आणखी शोधायची गरजच नाही. पट्टी सोड, बोल्टखालची जागा पत्रा चकाकेपर्यंत घास, घट्ट आवळ आणि वरून व्हॅसलिन लाव. बॅटरीच्या खुंट्यांवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन टाक, पण आधी मायनसची वायर काढून.

तुझ्या बाबांनी डिझेल पंपावरही संशय घेतला होता ना? डिझेलला ठिणगी नसते. हवा जोरात दाबली गेली, तरच ती डिझेल पेटवण्याइतकी तापते. सेल्फ रेंगाळत फिरला की ती उष्णता सिलिंडरच्या भिंतींत मुरते आणि इंजिन फिरूनही लागत नाही. केबलचा दोष असताना पंप खोलून बसलेले मालक मी पुष्कळ पाहिलेत आणि दर वेळी जीव हळहळतो.

चावीच्या स्विचचंही बघायचंय, पण ते सावकाश. सोलेनॉइड ओढताना तिसेक अँपिअर किंवा जास्तही लागतात आणि जुन्या गाडीत ते सगळे त्या स्विचच्या बारीक पत्र्यांतून जातात. पत्रे जळतात, चावी दोनदा-तीनदा फिरवावी लागते. मध्ये एक रिले घातला की स्विचचं आयुष्य वाढतं. हॉर्नचा नको, सेल्फसाठीचा जड रिले माग.

दोन्ही रस्ते साफ निघाले आणि ‘टक्’ झाल्यावरही बॅटरी बाराच्या वरच राहिली, तरच सेल्फ उतरवायचा. तेव्हाही सोलेनॉइडचे जळलेले संपर्क किंवा झिजलेले कार्बन ब्रश बदलून बहुतेक वेळा भागतं. अख्खा सेल्फ टाकायची घाई दुकानदाराला असते, आपल्याला नको.

उद्या सकाळी इंजिन थंड असतानाच तिन्ही मापं घे आणि आकडे जसेच्या तसे कळव. वायरमनला तोवर थांबायला सांग. बाबांना नमस्कार.

तुझा,
मामा