ळ चा हट्ट

धाकटीचं बारसं झाल्यापासून पंधरा दिवस मी एकच उत्तर दोन-दोनदा देतेय. लीळा. नाही हो, लीला नाही. लीळा. बाळातला ळ.

लोक हसतात. सासूबाईंच्या मैत्रिणी म्हणाल्या, "अगं, एकच की ते!" एकच असतं तर मीही एवढा हट्ट केला नसता. पण थोरलीचं ऐका आधी.

थोरलीचं नाव प्रांजळ. सात वर्षांपूर्वी ठेवलं तेव्हा आम्हाला ते सरळ, मोकळं, छान वाटलं होतं. आधार काढायला गेलो, तिथल्या मुलाने इंग्रजीत नाव टाइप केलं आणि मराठी रकान्यात आपोआप 'प्रांजल' उमटलं. कडेवर पोर रडत होती, मागे रांग होती. मी म्हटलं जाऊ दे. चूक माझीच. त्या आधारवरून शाळेच्या रजिस्टरला नाव गेलं, रजिस्टरवरून दाखल्याला, दाखल्यावरून स्कॉलरशिपच्या फॉर्मला. पहिलीत गेल्यावर तिने स्वतःच्या हाताने वहीवर पहिल्यांदा नाव लिहिलं, 'प्रांजळ', कारण घरी तसंच शिकवलेलं. बाईंनी लाल पेनाने ळ खोडून ल केला. बाईंचाही दोष नाही म्हणा, त्यांच्यापुढे रजिस्टर. पण पोरगी घरी येऊन विचारते, "आई, माझं नाव मलाच चुकतं का?"

त्या रात्री मला झोप लागली नाही, खरं सांगते.

आणि हे आमच्या घरात पहिल्यांदा झालं असंही नाही. माझी आजी विमळ. जुन्या सातबाऱ्यावर विमळ, मतदार यादीत विमल, बँकेत पुन्हा विमल. आजोबा गेल्यावर वारसनोंदीच्या वेळी हे सगळं एकत्र आलं. मग "विमळ आणि विमल ही एकच व्यक्ती आहे" असं प्रतिज्ञापत्र आजीला करून द्यावं लागलं. ऐंशीला टेकलेली बाई, अंगठा नाही, सही करणारी. तिने सही केली ती 'विमळ'. सही जुळत नाही म्हणून पुन्हा करायला लावली. आजी त्यावर जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आजीच्या पिढीत हे अक्षर किती होतं बघा. आमच्या गल्लीतच कमळ, मंगळा, निर्मळा, कोकिळा, सरळा, तुळसाबाई. शिवाजी महाराजांच्या घरात पुतळाबाई. 'कळ्यांचे निःश्वास' 1933 साली लिहिणाऱ्या विभावरी शिरूरकर, म्हणजे मालतीबाई बेडेकर, माहेरच्या बाळुताई खरे. मग हळूहळू कमळच्या कमल झाल्या, मंगळाच्या मंगला. शिकल्यासारखं वाटायचं त्याने. माझं स्वतःचं नाव शीतल. आजी एकटी मला 'शितळे' म्हणून हाक मारायची, आणि मला मैत्रिणींसमोर त्याची लाज वाटायची. आता तसं हाक मारणारं कुणी नाही.

बाळंतपणात पडल्या पडल्या मला एक गंमत सुचली. डोहाळे, नाळ, बाळंतीण, पाळणा, वाळे, काजळ, खुळखुळा, जावळ, अळिवाचे लाडू. पोर यायच्या आधीपासून तिच्याभोवती नुसता ळ. बारशाला बायका पाळण्याखालून गोविंद-गोपाळ करतात, त्यातही तो. शाळेच्या तक्त्यावर ळ समोर चित्र कशाचं? बाळाचं. (दुसरं काय काढणार, ळ ने शब्दच सुरू होत नाही.) मग एवढा सगळा ळ ओलांडून पोरीच्या नावाशी आलं की तिथेच तो का गळावा?

तेव्हाच ठरवलं, दोघी बहिणींच्या नावात ळ हवा. लोक 'र' वरून राधा-रेवा ठेवतात, आमचं पोटातलं अक्षर जुळेल.

गुरुजींनी पत्रिका पाहून सांगितलं, भरणी नक्षत्र, पहिला चरण, अक्षर 'ली'. घ्या! ज्या ल शी भांडण, तोच दारात. नवरा हसून हसून बेजार. नणंदेने दोन दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर नावं पाठवली, लिशा, लियाना, लिरिशा. शेवटी वडिलांनी फोनवर सहज विचारलं, "लीळा का नको? लीळाचरित्रातली?" तेराव्या शतकात म्हाइंभटांनी रिद्धपुरात चक्रधर स्वामींच्या आठवणी गोळा करून लिहिल्या, मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ तो. त्याच्या नावातच आहे. गुरुजींचा ली आला, माझा ळ आला. आत्याने कानात सांगितलं आणि झालं.

आता एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर खाली भांडणं लागतील. माझं भांडण कुणाच्या बोलण्याशी नाही. माझी अकोल्याची मैत्रीण थोरलीला 'प्रांजय' म्हणते, त्यांच्याकडे डोळ्याचा डोया होतो. फार गोड लागतं ते. रिद्धपूरही तिकडचंच, अमरावती जिल्ह्यातलं, म्हणजे लीळाचरित्राच्या गावात माझी लेक 'लीया' होईल. होऊ दे. हाक मारणाऱ्याची जीभ त्याची. हिंदीवाले टिळकांना तिलक करतात, जळगावला जलगाँव, त्यांच्या लिहिण्यात ते अक्षर नाही, हेही समजतं. इंग्रजीत एल लागणार, मान्य.

पण मराठी रकाना मराठीत भरायचा की इंग्रजीची सावली म्हणून? ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आम्हीही पेढे वाटले. आणि महाराष्ट्रातल्या कागदावर पोरीचं मराठी नाव ठरवतो तो इंग्रजी स्पेलिंगवरून अंदाज बांधणारा प्रोग्रॅम. आता तर 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पुढे सगळीकडे जन्मदाखलाच मुख्य पुरावा. तिथे एक अक्षर चुकलं की ते आयुष्यभर मागे लागतं.

जन्माची नोंद 21 दिवसांत आम्ही केली होती, नावाविना. नाव नंतर घालता येतं, नोंदीपासून 12 महिन्यांत शुल्कही लागत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. घाईघाईने दवाखान्यातल्या फॉर्मवर काहीबाही लिहू नका. परवा नाव घालायला गेले. खिडकीतल्या माणसाने टाइप केलं, 'लीला'. मी म्हटलं, "दादा, ळ." ते म्हणाले, "मॅडम, येत नाही तो." मी म्हटलं, "कीबोर्ड इनस्क्रिप्ट आहे ना? ज्या कळीवर ल आहे तीच, फक्त शिफ्ट दाबून." त्यांनी दाबलं. आला. स्वतःच जरा चकित झाले, मग म्हणाले, "माझ्या आईचं नाव कोकिळा आहे."

आणि काय टाइप केलं होतं रेकॉर्डला? हसले नुसते.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचं नाव लागतं. त्यामुळे दाखल्यावर आता 'लीळा शीतल' असं ओळीने छापून आलंय. तिचा ळ आणि लगेच माझा ल. प्रिंट हातात घेऊन तिथेच बाकड्यावर तीनदा वाचलं. थोरलीच्या दुरुस्तीचा अर्ज सोमवारी देतेय, शाळेने आधी आधार बदलून आणा म्हटलंय आणि आधारवाले जन्मदाखला मागतात. तो बरोबर आहे सुदैवाने. बघू किती फेऱ्या होतात, इथे कळवेनच.

तुमच्या घरात ळ वाल्या आज्या, आत्या, मावश्या असतील तर नावं लिहा खाली. हाकेत काय आणि कागदावर काय, दोन्ही लिहा.