किल्ली फिरवल्यावर

किल्ली फिरवली की मीटरवर सगळे दिवे एकदम पेटतात. बॅटरी, ऑइल, एबीएस, हँडब्रेक, आणि त्यांतच एक बसलेला माणूस, छातीपुढे गोल फुगा धरलेला. तो एअरबॅगचा दिवा. पाच-सात सेकंद थांबतो आणि विझतो. विझला म्हणजे यंत्रणेनं स्वतःला तपासून घेतलं आणि सगळं जागच्या जागी आहे. पेटलेलाच राहिला तर बिघाड. इथवर बहुतेकांना माहीत असतं. तो मुळात पेटलाच नाही तर काय, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या गाडीत तो पेटतच नव्हता, आणि दोन वर्षं मी त्याचा अर्थ 'सगळं ठीक' असा लावत होतो.

*

कळलं ते हिवरे बाजारला निघताना. नेप्ती नाक्यावर डिझेल भरायला थांबलो होतो. शेजारी भाचा, नुकताच डिप्लोमा झालेला. पुन्हा गाडी चालू केली तर म्हणाला, "मामा, एअरबॅगचा दिवा लागला नाही."

"मग बरंच आहे की."

"लागून विझायला पाहिजे. परत फिरवा किल्ली."

तीनदा फिरवली. तिन्ही वेळा बाकीचे दिवे आले नि गेले, त्या माणसाची जागा काळीच राहिली. कल्याण रस्त्याने पुढं जाताना माझं लक्ष रस्त्याइतकंच स्टेअरिंगच्या मधल्या गोलावर होतं. त्यावर 'एअरबॅग' अशी अक्षरं कोरलेली आहेत. ती वाचूनच गाडी सेकंडहँड घेतली होती.

*

हिवरे बाजारला मी वर्षातून एकदा तरी जातो, पाऊस संपला की. पाण्याचा ताळेबंद ऐकायला. जेमतेम 400 मिलिमीटरच्या आसपास पावसाचं गाव. 1990 च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हा गावात दारू आणि टँकर दोन्ही होते. पुढं डोंगरावर सलग समतल चर झाले, कुऱ्हाडबंदी आली, चराईबंदी आली, हे सगळं महाराष्ट्राला पाठ आहे. पाहुणे बंधारे बघतात, हिरवे डोंगर बघतात, फोटो काढतात. मला त्याहून मोठी वाटते ती मोजण्याची सवय. भूजल खात्याच्या मदतीनं 2004 पासून पाऊस मोजायचा, ठरलेल्या विहिरींची पातळी मोजायची, किती पडलं, किती मुरलं, किती उरलं याचा हिशेब ग्रामसभेपुढं मांडायचा. आधी माणसांचं पिणं, मग जनावरं, मग शेत. कमी असेल तर रब्बीला काय घ्यायचं नाही, तेही तिथंच ठरतं. पाणी संपण्याआधी संपणार असल्याचं गावाला कळतं.

शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, हाही तिथला नियम. तो कशासाठी, हे एका आबांनी मला विहिरीच्या काठावर उभं करून सांगितलं होतं. "इथं वाकून बघा. दिसतंय का पाणी? मागच्या महिन्यात त्या कपारीपर्यंत होतं, आता दोन हात खाली गेलं. विहीर सांगत असती. बोअर काय सांगती? आज तीन इंची पाणी, उद्या सकाळी नुसता फुफाटा."

एअरबॅग ही बोअर आहे. आत वाकून बघता येत नाही.

*

नगरमधल्या एका गॅरेजात गाडी नेली. मिस्त्रीनं आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि म्हणाला, चहा घेऊन येऊ. मला वाटलं त्याला चहाच हवा आहे. पण कारण वेगळं होतं. धडकेत बॅटरीच तुटली तरी एअरबॅग फुटावी म्हणून यंत्रणेत थोडी वीज साठवलेली असते, ती उतरायला काही मिनिटं द्यावी लागतात. नाहीतर पिशवी खोलणाऱ्याच्याच तोंडावर फुटू शकते.

चहा झाल्यावर त्यानं स्टेअरिंगचं मधलं झाकण चाचपलं. कडेला डिंकासारखी रेघ. "दादा, हे चिकटवलेलंय." पातळ पट्टी घालून उचकटलं. आत लोखंडी चौकट, चार रिकामी भोकं, आणि पिवळ्या वेष्टनातली एक वायर. (एअरबॅगच्या वायरी पिवळ्याच असतात, कुणी चुकून हात घालू नये म्हणून.) वायरच्या टोकाला प्लग, प्लगला काळी टेप. पिशवी नाही, गॅस भरणारा डबा नाही. मीटर उतरवला तर मागच्या पट्टीवरून नेमका तो एक दिवा काढून टाकलेला.

म्हणजे गाडी आधी एकदा जोरात धडकलेली होती, पिशवी तेव्हाच फुटली होती. नवी बसवण्याचा खर्च कुणीतरी वाचवला. माझ्या बायकोला मी त्या गाडीतून रात्री-अपरात्री दौंडपर्यंत नेलं आहे. त्या रिकाम्या चौकटीकडं बघताना तेच आठवत राहिलं.

मिस्त्री म्हणाला, "तुमचं निदान सापडलं तरी. प्लगात दोन-अडीच ओहमचा रेझिस्टन्स घातला की यंत्रणेला वाटतं पिशवी आहे. दिवा टायमात लागतो, टायमात विझतो. ते झाकण उघडल्याशिवाय देवालाही कळत नाही."

*

एअरबॅगचा हिशेब मिलिसेकंदांचा आहे. धडक बसली, सेन्सरनं झटका मोजला, कंट्रोलरच्या पेटीनं ठरवलं, पलित्यात करंट गेला, रसायन पेटलं, पिशवी भरली. एवढं सगळं साधारण 50 मिलिसेकंदांत, डोळ्याची पापणी मिटायच्या आत. ब्रेक रोज दाबतो, म्हणून तो कमी लागायला लागला की पायाला कळतं. क्लच कळतो, हॉर्न कळतो. पिशवी मात्र गाडीच्या सगळ्या आयुष्यात एकदाच चालणार, तिची चाचणी घेणं म्हणजे ती संपवणं. म्हणून तो दिवा. आपल्याकडं दुसरं काहीच नाही.

*

दिवाही सगळं सांगत नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या गाड्यांचं प्रकरण 2014 मध्ये बाहेर आलं. इग्निशन स्विचमधली स्प्रिंग कमकुवत होती. किल्लीला जड जुडगा अडकवलेला असला, गुडघा लागला किंवा गाडी खड्ड्यात आदळली, की किल्ली आपोआप मागं सरकायची. इंजिन बंद, पॉवर स्टेअरिंग बंद, आणि त्याबरोबर एअरबॅगही बंद. म्हणजे धडकेच्या आधीच्या क्षणी ती मेलेली. सकाळी दिवा अगदी वेळेवर पेटून विझलेला असायचा. कंपनीच्याच भरपाई निधीनं 124 मृत्यू मान्य केले. स्विचची उणीव कंपनीतल्या काहींना दहाएक वर्षं आधीपासून माहीत होती. मधे कधीतरी सुधारलेला स्विच आला, पण पार्ट नंबर जुनाच ठेवला. त्यामुळे कुठल्या गाडीत कुठला हे बाहेरच्या कुणाला ओळखता येईना. मला सगळ्यांत जास्त राग या पार्ट नंबरचा येतो.

हे कळल्यापासून माझ्या गाडीची किल्ली एकटी असते. घराच्या, गोठ्याच्या, मोटारीच्या खोलीच्या किल्ल्या वेगळ्या.

*

ताकाता ही जपानी कंपनी. तिनं पिशवी फुगवायला अमोनियम नायट्रेट वापरलं, स्वस्त म्हणून. खतातलं नि सुरुंगातलं तेच. हे रसायन वर्षानुवर्षं दमट हवा आणि दिवसा तापणं, रात्री गार होणं सोसून भुगा होतं. मग पेटताना जळत नाही, स्फोट पावतं. धातूचा डबा फुटून त्याचे तुकडे पिशवी फाडून चालवणाऱ्याच्या गळ्यात घुसतात. साध्या, माणूस हसत उतरला असता अशा टकरीत माणसं मेली. एकट्या अमेरिकेत 28. जगभर 10 कोटींच्या वर डबे परत मागवावे लागले, कंपनी 2017 मध्ये दिवाळखोरीत गेली. आपल्याकडंही होंडानं जानेवारी 2018 मध्ये 2013 साली बनलेल्या 22,834 गाड्या याच कारणानं परत बोलावल्या.

हा बिघाड दिव्यात दिसत नाही. वायर नीट, प्लग नीट, रेझिस्टन्स नीट, आतलं रसायन तेवढं नासलेलं. आणि दमट उकाड्यात ते जास्त लवकर नासतं म्हटल्यावर मला रत्नागिरी, वेंगुर्ला, अलिबागच्या अंगणांत फणसाखाली उभ्या असलेल्या जुन्या गाड्या दिसतात.

*

2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात गाड्या सक्तीनं परत मागवण्याचं कलम आलं, 1 एप्रिल 2021 पासून त्याचे नियम लागू झाले. चांगलं झालं. पण ते सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरतं. ताकाताचं रसायन नासायला अनेकदा त्याहून जास्त वर्षं लागली होती. आमच्या भागात तर गाडी सातव्या-आठव्या वर्षी शहरातून गावाकडं येते. म्हणजे कायद्याची मुदत संपते आणि आमची सुरू होते.

खाजगी गाडीची पहिली सरकारी तपासणी पंधरा वर्षांनी. पीयूसी मात्र नेमानं होते. धूर मोजायला माणूस आहे, पिशवी बघायला कुणी नाही.

*

नगरला वाहनांची मोठी संस्था आहे, व्हीआरडीई, डीआरडीओची. रणगाडे, लष्करी ट्रक यांच्या चाचण्या तिथं होतात, साध्या गाड्यांनाही प्रमाणपत्र देण्याचा अधिकार तिला आहे. पुण्याला एआरएआय ही तशीच संस्था. 1 ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅप सुरू झालं, ताशी 64 किलोमीटर वेगानं गाडी अर्ध्या तोंडावर आदळवून तारे देतात. मला याचा अभिमान आहे. पण आदळते ती कोरी गाडी. उंदरांनी वायरी कुरतडलेली, सीटखालचा पिवळा प्लग कांद्याच्या गोणीनं ढिला झालेली, दोनदा पुराच्या पाण्यातून गेलेली गाडी कुणी आदळवून बघत नाही.

*

नव्या गाडीतही होतं. जानेवारी 2023 मध्ये मारुतीनं 17,362 गाड्या परत बोलावल्या. एअरबॅगच्या कंट्रोलरमध्ये दोष, धडकेत पिशवी आणि बेल्ट ओढून धरणारी यंत्रणा दोन्ही न चालण्याची शक्यता. 8 डिसेंबर ते 12 जानेवारी या काळात बनलेल्या गाड्या. अठरा जानेवारीला जाहीरही केलं. असं कबूल करणाऱ्याला लोक नावं ठेवतात, 'यांच्या गाड्यांत खोट निघाली' म्हणतात. माझं मत उलटं आहे. सांगितलं, फुकट बदलून दिलं, हाच ताळेबंद.

*

आपण स्वतः काय करतो, तेही लिहून ठेवतो.

बेल्ट न लावता खाचेत नुसती क्लिप अडकवायची, म्हणजे ठणठण बंद. अशा क्लिपांची ऑनलाइन विक्री केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मे 2023 मध्ये थांबवायला लावली तेव्हा त्यांच्या 13,118 विक्री-नोंदी उतरवाव्या लागल्या. नगरच्या बाजारात अजून मिळतात. एअरबॅग ही बेल्टची जोड आहे. बेल्ट नसेल तर माणूस पिशवी फुगायच्या आधीच पुढं फेकला जातो, आणि फुगणारी पिशवीच त्याला मारू शकते.

पुढं लोखंडी गार्ड. 2017 च्या डिसेंबरात केंद्रानं त्यावर बंदी आणली. गार्ड झटका भलतीकडं नेतो, सेन्सरला धडक वेळेवर समजत नाही. आमच्याकडं जीप तर जीप, छोट्या गाड्यांनाही तो आहेच.

डॅशबोर्डवर पितळी गणपती, नेमका जिथून डाव्या बाजूची पिशवी बाहेर पडते त्या झाकणावर. मी आमचा उचलून देव्हाऱ्यात ठेवला. आईला कारण सांगितलं तर ती म्हणाली, "त्याला तरी का लागू द्यायचं?"

*

डिसेंबर 2024, वाशी. पुढच्या सीटवर सहा वर्षांचा मुलगा. पुढच्या गाडीशी टक्कर, पिशवी उघडली, आणि त्या आघातानं तो गेला. पिशवी बरोबर चालली होती. ती मोठ्या माणसाच्या छातीसाठी बेतलेली असते. आमच्या गल्लीत मी तीन घरांत जाऊन हे सांगितलं. पुढं बसायला रडणारं पोर मागं बसवणं अवघड जातं, हे मला माहीत आहे.

*

4 सप्टेंबर 2022, चारोटीजवळ सूर्या नदीचा पूल. अपघात झाला तेव्हा उद्योगपती सायरस मिस्त्री मागच्या सीटवर होते. गाडी महागडी, पिशव्या भरपूर. मागच्या दोघांनी बेल्ट लावलेला नव्हता, ते दोघेही गेले.

*

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की रात्रीच्या नगर जिल्ह्यात माझा जीव मुठीत असतो. ट्रॉलीला मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर. मागून कार घुसली की बॉनेट ट्रॉलीच्या खाली जातं, आणि पहिला मार काचेला, डोक्याला. गाडीचा पुढचा सांगाडा नीट आदळत नाही, म्हणून पिशवी उशिरा फुटते किंवा फुटतच नाही. तिथं चालणारं साधन ट्रॉलीला लावायचं असतं. काही कारखाने गाळप सुरू होताना रिफ्लेक्टर लावून देतात. पुसायचं काम मात्र रोजचं आहे.

*

नवी पिशवी बसवली. डबा, पिशवी, कंट्रोलर, मजुरी. सेकंडहँड गाडी घेताना वाचलेले पैसे जवळजवळ सगळे गेले. मीटरमधला दिवाही मिस्त्रीनं लावला. पहिल्यांदा किल्ली फिरवली तेव्हा भाचा वाकून मोजत होता. सहा सेकंद.

आता घरातल्या नि सासरकडच्या गाड्यांचे चासी नंबर एका वहीत उतरवतो आहे. सतरा अक्षरं असतात, कंपनीच्या संकेतस्थळावर टाकली की गाडी परत बोलावली आहे का ते दिसतं. आठ गाड्यांचे झाले. साडूंच्या गाडीवर मागवणी निघाली, 2013 ची आहे. त्यांना फोन केला तर म्हणाले, "दहा-बारा वर्षं झाली, काही झालं नाही." सोमवारी मीच नेऊन सोडणार आहे.