परसात तुमचीही एक खुर्ची

मैत्रिणींनो, पुण्याला जाणं झालं तर रेसकोर्सजवळच्या एम्प्रेस गार्डनमध्ये तासभर निवांत बसून याच. ३९ एकरांची ही जुनी बाग. जानेवारीत तिथे फुलांचं प्रदर्शन भरतं.

तिथल्या कुंड्या पाहून हळहळू नका. आपलं परसही उजळतं! आधी अडगळ नि गवत काढा. माती भुसभुशीत करून शेणखत मिसळा. सावलीत अळू लावा, तांदूळ धुतलेलं पाणी त्याला घाला. उन्हात कढीपत्ता, गवती चहा आणि मोगरा.

पण बाग काय नुसती पूजेसाठी नि फोडणीसाठीच? दिवेलागणीआधी पंधरा मिनिटं चहा घेऊन तिथे बसा. “स्वयंपाकाचं काय?” म्हणाल, तर कुकर लावूनच बसा. शिट्ट्या मोजायला घरात माणसं आहेतच की!