थाळीतला वड

आमच्या घरी एक वड आहे. त्याची उंची सव्वा वीत.

दौंडच्या आमच्या जुन्या घरी मोरीच्या भिंतीत, विटांच्या सांध्यात तो उगवला होता. वडील दर पावसाळ्यात त्याला उपटायला म्हणून जात आणि चार पाने खुडून परत येत. पुढे वडील गेले, घर विकले. भिंत पडायच्या आदल्या दिवशी मी छिन्नीने तो वड अर्ध्या विटेसकट सोडवला. चौफुल्यावरून शिरूरला येणाऱ्या टेंपोत आई पुढे बसली होती आणि तिच्या पायाशी, ओल्या फडक्यात, वड. न्हावरा येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "ह्याला लावणार कुठं?"

मी उथळ कुंडी विकत आणली तेव्हा तिला उत्तर मिळाले.

"वडाला काय थाळीत वाढतात होय रे?" एवढे बोलून ती आत गेली. वटपौर्णिमेला ह्याला सूत गुंडाळायचे नाही, असेही तिने सुनेला बजावून ठेवले.

बोन्सायला आपल्याकडे वामनवृक्ष म्हणतात. नाव गोड आहे. पण वामनाला निदान तीन पावले जमीन मिळाली होती. ह्याच्या वाट्याला दोन अंगुळे माती. उन्हाळ्यात दोन वेळा पाणी घातले की काम भागते. खरी परीक्षा हिवाळ्यात, आणि तीही नुसत्या थंडीची नव्हे.

आमचा हा घोडनदीकाठ काय किंवा तिकडचा भीमाकाठ काय, दोन्ही पर्जन्यछायेतले. हवा कोरडी, आभाळ मोकळे. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब आभाळाला देऊन टाकते, आणि ती अडवायला वर ढगाची वाकळ नसते. पहाटे दात वाजतात, दुपारी छत्री घ्यावीशी वाटते. बरे, हेही रोजचे असते तर झाड सवय करून घेते. पण चार दिवस उत्तरेचा वारा सुटतो, मग कुठल्याशा समुद्रात वादळ होऊन इकडे आभाळ भरते आणि रात्री पांघरूण लाथाडावे असे उकडते. आठवड्याने पुन्हा शेकोटी.

पहिल्या हिवाळ्यात मी पुस्तकावर विसंबलो. ते होते जपानी झाडांचे. थंडी म्हणजे झाडाची झोप, त्याला बाहेरच राहू द्या, असे त्यात होते. त्यांच्या पाइनला ते लागू असेल. हिरोशिमाच्या यामाकी घराण्याचा एक पाइन तर 6 ऑगस्ट 1945 चा बॉम्बही सोसून उभा राहिला. 1976 साली तो अमेरिकेला भेट गेला, आणि वॉशिंग्टनमध्ये त्याची निगा राखणाऱ्यांना ही हकीकत 2001 साली, त्या घरची नातवंडे त्याला पाहायला आली तेव्हा कळली! पंचवीस वर्षे झाड मुकाट्याने उभे. असे वाचले की आपल्या वडाकडूनही माणूस भलत्या अपेक्षा करू लागतो. पण वड हे उष्ण मुलखाचे झाड. त्याला अशी झोप ठाऊक नाही. कठड्यावरची त्याची पाने पिवळी पडू लागली.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. संध्याकाळी कुंडी स्वयंपाकघरात, चुलीजवळ. सकाळी दहाला उन्हात. पंधरवड्यात झाडावर तीन पाने उरली. घाबरून पाणी वाढवले, तर मुळाशी कुबट वास येऊ लागला. बायको म्हणाली, "अहो, त्याला जरा एका जागी बसू द्या."

शाळेच्या प्रयोगशाळेतून मी थर्मामीटर आणला. (सोमवारी परत केला.) कुंडीतली माती पहाटे 9 अंश, दुपारी तीनला 31. अंगणात वीतभर खोल खुपसला, तर पहाटे 21 आणि दुपारी 22. तेव्हा उलगडा झाला. जमिनीतल्या वडाच्या मुळांना हिवाळा जवळजवळ कळतच नाही. कुंडीतली मुळे मात्र चारी बाजूंनी उघडी पडतात. सकाळचे ऊन पानांवर येते, पाने पाणी मागतात, आणि खाली गारठलेल्या मुळांना ते ओढता येत नाही. झाड मग पानेच टाकून देते.

हे सगळे मी आईला आकड्यांसह समजावून सांगितले. ती गहू निवडत होती.

"मग गाड की जमिनीत," ती म्हणाली. "थाळीसकट गाड. सांजच्याला माती ओली ठेव, कोरडी लवकर गारठते. वर गोणपाट टाक, पण पानाला टेकू देऊ नको, आणि उजाडल्यावर काढ."

दक्षिणेच्या भिंतीलगत, जिथे दिवसभर ऊन असते, तिथे खड्डा केला आणि कुंडी काठापर्यंत पुरली. चार काटक्यांवर गोणपाट. ते टाकायचे काम आईने आपणहून घेतले. पौषातल्या कडाक्याच्या रात्री मी जागा झालो, तर ती कंदील नाही तरी मोबाइलचा उजेड धरून अंगणात उभी. आत ये म्हटले तर म्हणाली, "वारा फिरलाय का बघत होते." माघ संपता संपता फांदीच्या टोकाला लाल कोंब आला.

फाल्गुनात कुंडी काढायला गेलो, ती हलेना. खालच्या भोकातून एक मूळ जमिनीत उतरले होते. ते ठेवले तर हा वड थाळीतला राहणार नव्हता. चार वर्षांत भिंत फोडील, आणि घर तर भाड्याचे. मी कात्री आणली. आई ओसरीवर बसली होती. मी कापले.

दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही. जेवण वाढताना म्हणाली, "केवढं होतं?"

"वीतभर."

"जाड?"

"करंगळीएवढं."

तिने आणखी भाकरी वाढली.

यंदा गणपती झाल्यावर मी खड्डा आधीच करून ठेवला आणि मूळ खाली उतरू नये म्हणून तळाशी शहाबादी फरशीचा तुकडा बसवला. आठ दिवसांनी पाहतो, तर तो तुकडा धुण्याच्या दगडाशेजारी, बादलीखाली आहे. खड्ड्याच्या तळची माती मात्र कोणीतरी खुरप्याने चांगली भुसभुशीत करून ठेवली आहे.