साडेचौदा टक्के

सकाळी चहाच्या हॉटेलात आपण पातळ भाजी मागवतो. तिच्यातले पांढरे वाटाणे बरेचदा कॅनडातून आलेले असतात, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मला ते भाच्याने सांगितलं. मावसबहिणीचा हा मुलगा सस्कॅचेवन प्रांतात, शेतकऱ्यांकडून धान्य विकत घेणाऱ्या एका कोठारावर नोकरीला आहे. तिकडे त्याला एलिव्हेटर म्हणतात. सप्टेंबरात त्याचा फोन आला की घरच्या चौकशीआधी ओलाव्याच्या गोष्टी निघतात. मी सरकारी कारकून, आकड्यांत दिवस जातो, म्हणून त्याचा एक आकडा माझ्या डोक्यात घर करून बसला. साडेचौदा.

गव्हाच्या दाण्यात १४.५ टक्के किंवा त्याहून कमी ओलावा असेल तर तिथल्या नियमाने तो कोरडा. त्याच्या वर १७ टक्क्यांपर्यंत एक पायरी, आणि त्याहीवर तो सरळ ओला. मसुराला ही मर्यादा १४, वाटाण्याला १६, आणि तेलाच्या कॅनोलाला फक्त १०. "मामा, शेतकरी अजून दाणा दाताखाली फोडून बघतो," भाचा सांगत होता, "पण पैसे मशीनच्या आकड्यावर मिळतात."

आता वाटेल, ओला असेल तर उन्हात घाला. आपण नाही का रस्त्याच्या कडेला भात पसरत? पण तिथे शेतं हजारो एकरांची, आणि ऊन उसनं आणल्यासारखं. पेरणी मे महिन्यात, काढणी ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत, आणि मध्येच सप्टेंबरात पहिलं दहिवर पडतं. पिकाच्या वाट्याला शंभर-सव्वाशे दिवस. त्या मुलखात गहू रुजला त्याचं श्रेय मार्क्विस नावाच्या वाणाला देतात. ते १९०९ च्या सुमारास शेतकऱ्यांच्या हाती आलं आणि जुन्या रेड फाइफपेक्षा जवळजवळ आठवडाभर लवकर पिकायचं. त्याचा एक जन्मदाता रेड फाइफ, आणि दुसरा हार्ड रेड कलकत्ता, म्हणजे हिंदुस्थानातला गहू! एका आठवड्याचं मोल तिथे किती, ते यावरून कळावं.

खरी ओढाताण इथे आहे. दाणा १८ टक्क्यांवर असताना आकाश निरभ्र आहे. थांबायचं की कापायचं? थांबलं तर सूर्य फुकट वाळवतो. पण मध्ये आठवडाभर पाऊस लागला तर दाण्याचा रंग उडतो, कणसातच कोंब फुटतात, आणि पावाचा गहू गुरांच्या खाद्याच्या भावाने जातो. कापलं तर प्रोपेन किंवा नैसर्गिक वायू जाळून वाळवायचा. तिथेही फार आच देता येत नाही, नाहीतर गव्हातलं ग्लुटेन बिघडतं आणि पाव फुगत नाही. शिवाय गॅसचं बिल. सस्कॅचेवनमध्ये एप्रिल २०१९ पासून मार्च २०२५ अखेरपर्यंत त्या गॅसवर कार्बन करही लागत होता.

तिसरी वाट मला फार आवडली. पत्र्याच्या गोल कोठारात धान्य भरून खालून पंख्याने नुसती हवा सोडायची. माझी समजूत होती की पंखा भर दुपारी लावत असतील. सस्कॅचेवनमधल्या इंडियन हेड इथल्या संशोधन केंद्राने बरीच वर्षं मोजमाप करून उलटंच सांगितलं, की रात्री लावा. दाण्यात दिवसाची ऊब असते. रात्रीची थंड हवा आत शिरली की दाण्याच्या उबेने तापते, ओलावा शोषते आणि वर निघून जाते. दुपारची गरम हवा मात्र थंड दाण्यावर उलट ओलावा सोडून जाऊ शकते. आमच्या आजीला हे सांगितलं असतं तर तिने मला वेड्यात काढलं असतं.

२०१९ साली यातलं काहीच पुरं पडलं नाही. दक्षिण अल्बर्टात सप्टेंबरातच बर्फ आला, पुढे पाऊस हटेना, आणि प्रेअरीत लाखो एकर पीक बर्फाखाली राहून २०२० च्या वसंतात काढावं लागलं. त्यात १९ नोव्हेंबरपासून आठवडाभर सीएन रेल्वेचा संप झाला आणि त्या मार्गावरचं धान्य जागच्या जागी अडलं.

आणि समजा सगळं नीट वाळलं, तरी विकायचं कधी? १९४३ पासून गव्हाच्या बाबतीत हा प्रश्न शेतकऱ्यापुढे नव्हता. माल सरकारी गहू मंडळाला द्यायचा, आधी काही रक्कम मिळायची, मग सगळ्यांच्या विक्रीची सरासरी काढून उरलेले पैसे. १ ऑगस्ट २०१२ पासून ती सक्ती गेली. पुष्कळांना मोकळं वाटलं, आणि ते समजण्यासारखं आहे. पण मला वाटतं त्या दिवशी शेतकऱ्याच्या डोक्यावर आणखी एक नोकरी येऊन बसली. रात्री बारापर्यंत मळणी यंत्र चालवायचं आणि सकाळी शिकागो-मिनिआपोलिसचे भाव बघायचे. पुढच्या पिकाच्या तारणावर सरकारी हमीची उचल मिळते, तिचा काही भाग बिनव्याजी असतो. त्यामुळे हंगामात पडेल भावाला विकायची घाई थोडी टळते. आपल्याकडच्या लहान शेतकऱ्याला इतकं तरी कुठे?

मात्र कोठार भरून भावाची वाट बघणं हाही जुगारच. ८ नोव्हेंबर २०१७ ला भारताने वाटाण्यावर ५० टक्के आयात कर लावला, डिसेंबरात मसूर-चण्यावर ३०. इथल्या शेतकऱ्याला भाव मिळावा हा हेतू, त्याला माझी हरकत नाही. पण असे कागद माझ्याही टेबलावरून पुढे जात असतात. त्यांच्या दुसऱ्या टोकाला भरलेलं कोठार असतं, हे तोवर कधी मनात आलं नव्हतं. ज्यांनी ऑक्टोबरात वाटाणे विकले ते सुटले, "ख्रिसमसनंतर बघू" म्हणणारे बसले. डिसेंबर २०२३ मध्ये कर उठला, नोव्हेंबर २०२५ पासून पुन्हा ३० टक्के.

भाचा म्हणतो, राखून ठेवलेल्या धान्याला झोप नसते. मार्चचं ऊन कोठाराच्या दक्षिणेच्या पत्र्यावर पडलं की त्या बाजूचा दाणा तापू लागतो, तपासायला चढावं लागतं, पंखे पुन्हा सुरू करावे लागतात. आणि नेमकं तेव्हाच बर्फ वितळून रस्ते मऊ होतात आणि भरलेल्या ट्रकांच्या वजनावर बंदी येते. त्या दिवसांत भाव वर गेला, तर शेतकरी फोन करून विचारतात, "रस्ता कधी उघडणार?"